बयऱ्याची जिनिंग

अकोटहून अकोल्याकडे निघालेली एस.टी. गाव सुटता सुटता एका ठिकाणी थांबते. तिथं आता उभं असं फारसं काही नाही. कापसातली सरकी काढायच्या जुन्या कारखान्याची विटांची अर्धी चिमणी आहे, तिच्या बुडाशी बाभळी आहेत आणि एक पानठेला आहे. कंडक्टर दोरी ओढतो आणि ओरडतो, “चला, बयऱ्याच्या जिनिंगवाले, उतरा!”

मागच्या खेपेला मी त्या गाडीत होतो. शेजारी बसलेल्या एका तरुण मुलानं सहज विचारलं, “हा बयरा कोण होता जी?” मी तोंड उघडायच्या आत मागच्या बाकावरून उत्तर आलं.

“इंजनेर होता एक, इंग्रजाच्या टायमाले. ठार बयरा. मशीन बोंबलून राहिली होती, त्याले आयकूच नाई आलं. माणूस जळून गेला, तरी हा आपला उभाच!”

“मंग बयऱ्याले ठेवला काहून होता?”

“ते शेठले इचार, बाप्पा!”

गाडीत हशा झाला. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. त्या बयऱ्याच्या हाताखाली मी काम केलं होतं, आणि त्या दिवशी मशीन कोणी ऐकली होती हे सांगू शकणारा मी एकटाच आता जिवंत आहे. तरी मी गप्प बसलो. या बाबतीत गप्प बसण्याची मला फार जुनी सवय आहे.

आमचे हे साहेब अमरावतीच्या एका वकील घराण्यातले. वडील वकील, दोन्ही भाऊ वकील. हे मात्र मुंबईला जाऊन इंजिनिअरिंग शिकून आले. लहानपणी त्यांचे दोन्ही कान फुटले होते. पुढं बाहेरचा आवाज जवळजवळ बंदच झाला. “कोर्टात बहिरा माणूस फक्त न्यायाधीश म्हणून चालतो,” असं ते म्हणत आणि स्वतःच मोठ्यानं हसत. त्यांचं सगळंच मोठ्यानं असे. साधं पाणी मागितलं तरी अंगणातली कबुतरं उडत.

मी भातकुलीकडच्या शेतकरी घरातला. मॅट्रिक झालो होतो, अमरावतीच्या एका वर्कशॉपात इंजिनाचं काम शिकलो होतो. लग्न झालं होतं, एक मूल होतं. नोकरीसाठी त्यांच्यापुढं उभा राहिलो तेव्हा त्यांनी माझे कागद पाहिलेच नाहीत. म्हणाले, “पाटील, हसा.”

आमच्या घरात पाटीलकी कधीच नव्हती, पण शेतकऱ्याच्या प्रत्येक मुलाला ते पाटील म्हणत. मी कसाबसा हसलो.

“असं नाही. दात दिसू द्या.”

मी दात दाखवले. त्यांनी अंगठ्यानं माझा ओठ वर सारला आणि बैलबाजारात पाहतात तसं वाकून पाहिलं. दारात सुखदेव उभा होता. तो सरकी काढलेल्या कापसाच्या, रुईच्या खोलीत काम करायचा आणि सगळ्या जिनिंगला हसवायचा. तो मागं वळून म्हणाला, “अबे, या लवकर! सायेब गोऱ्हा घेऊन राहिले!”

साहेबांना ते ऐकू आलं नाही. “उत्तम,” ते म्हणाले. “उद्यापासून या.”

दातांचं काय ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांच्याजवळ मेळघाटातल्या सागाची एक काठी होती, बोटाएवढी जाड, हातभर लांब. चालत्या मशीनच्या अंगाला काठीचं एक टोक लावायचं, दुसरं दातांत धरायचं आणि डोळे मिटायचे. कानांनी जे येत नसे ते त्यांना दातांतून येई, आणि आम्हाला कानांनी जे येत नसे तेही येई. पट्टा सैल झाला, बेअरिंगमध्ये तेल कमी पडलं, जीनचा रूळ एका बाजूनं झिजला, हे ते काठी चावून सांगत. दहापैकी दोनदा चुकतही. मग दिवसभर कोणाशी बोलत नसत.

काठी फक्त मशीनपुरती नव्हती. कोणाशी बोलायचं झालं की तिचं टोक ते समोरच्याच्या छातीवर टेकवत आणि दुसरं दातांत धरत. जिनिंगचा मालक असलेल्या शेठला हे मुळीच आवडत नसे. “साहेब, मी काय मशीन आहे?” असं तो म्हणे, आणि साहेब काठी न काढता दातांतल्या दातांत म्हणत, “तुमचं बेअरिंग ठीक आहे.” एकदा अकोटात एका घरी भजन होतं. पेटी सुरू झाली तसे साहेब उठले, पेटीवाल्याजवळ जाऊन बसले आणि पेटीचा कोपराच दातांत धरला. भजन थांबलं. साहेबांनी हातानं खूण केली, “चालू द्या, चालू द्या.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पेटीवाला मात्र नंतर कितीतरी दिवस तो कोपरा पुसत होता.

सुखदेव त्यांची हुबेहूब नक्कल करी. कापसाच्या पऱ्हाटीची एक काडी दातांत धरून, दुसरं टोक कोणा बाईच्या टोपलीला लावून तो डोळे मिटी आणि भसाड्या आवाजात विचारी, “काय म्हणून राहिली?” त्याची बायको जीनवर कापूस घालायला होती, तीच सगळ्यांत जास्त हसे. एके दिवशी साहेब नेमके त्याच्या मागं येऊन उभे राहिले. सगळे चिडीचूप. साहेबांनी पुढं होऊन त्याच्या तोंडातली काडी थोडी आत सरकवली. “पुढच्या दातांत नाही, सुळ्याजवळ धर,” म्हणाले आणि निघून गेले.

“काय म्हणून राहिली?” हे त्यांचंच वाक्य. मशीन त्यांच्या लेखी बाई होती आणि तिचं काहीतरी म्हणणं असे. मिस्त्री असो, तेलवाला असो, ते एकच प्रश्न दोनदा विचारत. पहिलं उत्तर मिळालं की मान हलवत आणि थोडं थांबून पुन्हा तोच प्रश्न. “पहिल्यांदा माणूस आपल्याला आवडेल ते सांगतो,” असं त्यांचं मत होतं.

मग शेठनं पंखा आणला. तोवर जीनमधून निघालेली रुई माणसं पाठीवर वाहून गाठी बांधायच्या प्रेसकडे नेत. पंख्यानं ते काम संपलं. लोखंडाचा एक मोठा गोल डबा, त्याच्या आत गरगर फिरणारी पाती. एका नळीतून रुई ओढायची, दुसऱ्या नळीतून रुईच्या खोलीत फेकायची. पाती आणि डबा यांच्यात फट अगदी थोडी. साहेबांना तो पंखा पहिल्या दिवसापासून पटला नाही. त्यांनी मला नळीचं झाकण काढून आत पाहायला लावलं.

“ही फट आहे ना, पाटील, हिच्यावर आपला जीव टांगलाय. पातं डब्याला लागलं की घासतं. घासलं की तापतं. तापलं की आतला दांडा वाकतो. वाकला की पातं आणखी जोरात घासतं. आणि आतून काय चाललंय? रुई.”

“मंग लागलं तर?”

“लागल्याबरोबर बंद करायचं. दुसरं काही नाही.” मग झाकण परत बसवत म्हणाले, “कधी कधी थोडं घासून आपल्यापुरती जागा करून घेतं आणि गप्प बसतं. पण त्या भरवशावर राहायचं नाही.”

हे सांगताना त्यांचा गाल सुजलेला होता. त्यांच्या हिरड्या गेल्या होत्या. ते लपवत होते, पण भाकरीचा काठ सोडून मधला मऊ भागच खाताना मी त्यांना पाहिलं होतं. दिवाळीनंतर दात एकेक करून हलले. अकोल्याच्या डॉक्टरानं उरलेले काढून टाकले आणि कवळी करून दिली. कवळी घालून त्यांनी काठी धरली, तोंड वाकडं केलं आणि कवळी काढून खिशात टाकली. “मशीनच्या आधी हीच थरथरते.” कानामागच्या हाडाला काठी लावून पाहिली. “बाजार ऐकू येतो,” म्हणाले, “माणूस ऐकू येत नाही.”

दोन दिवस ते कचेरीत नुसते बसून होते. तिसऱ्या दिवशी मला बोलावलं आणि काठी पुढं केली.

“साहेब, तुमची काठी… उष्टी होईल.”

“दुसऱ्या टोकाला चावा. तुमचं टोक वेगळं, माझं वेगळं.”

तेव्हापासून मी चावत असे आणि ते माझ्या जबड्यावर बोटं टेकवून उभे राहत. दात नीट मिटले आहेत की नाही ते पाहायला, असं ते म्हणत. कानाच्या खाली, जबडा जिथं वळतो तिथं त्यांची दोन बोटं असत, तेलाच्या वासाची. मी हळूहळू शिकलो. बेअरिंग नीट असलं की दातांत संथ घरघर येते. पट्ट्याचा सांधा आला की थप लागते. आणि पातं घासलं की, त्यांनी सांगून ठेवलं होतं, कैरी खाल्ल्यासारखे दात आंबतात.

माघात एका दुपारी माझे दात आंबले. मी सांगितलं, “घासते, साहेब.” त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं, मी दुसऱ्यांदा सांगितलं, आणि त्यांनी सगळी जिनिंग थांबवली. ऐन हंगाम होता. कापसाच्या बंड्या फाटकापासून सडकेपर्यंत उभ्या होत्या; बैल सोडून बसलेली माणसं शिव्या देत होती. पंखा थंड झाल्यावर उघडला. पाती हातानं फिरवली तर कुठंच लागत नव्हती. डब्याच्या आतल्या अंगाला नखाएवढी एक चकाकी तेवढी होती.

“नवीन लोखंड आहे, चमकणारच,” शेठ म्हणाला.

“तापलं की लागतं. थंड झालं की सुटतं. बेअरिंग बदलावं लागेल. मुंबईहून येईपर्यंत पंखा बंद ठेवा, माणसं लावा.”

“साहेब, देखो, सीझन आहे. पुन्हा असं बंद कराल तर किल्ल्या टेबलावर ठेवा आणि अमरावतीला आरामात राहा.”

हे शेठ त्यांच्या कानाशी ओरडून बोलला, त्यामुळे बाहेर बंडीवाल्यांनीही ऐकलं. साहेबांनी मला झाकण परत बसवायची खूण केली. त्यांचं घर या नोकरीवरच चाले. भाऊ विचारत नव्हते. शिवाय दात गेलेला बहिरा इंजिनिअर दुसरीकडे कोण ठेवणार होतं?

त्याच संध्याकाळी शेठनं मला फाटकाशी गाठलं. फार गोड बोलला. “भाऊ, तू सांगतोस म्हणून तो बंद करतो. त्याला थोडं कमी सांगत जा. म्हातारा टिकेल. तूही टिकशील.”

पुढं काही दिवस पंखा खरोखरच ठीक चालला. साहेब रोज काठी देत, मी चावत असे, दात आंबत नसत. मी “काही नाही” म्हणे, ते पुन्हा विचारत, मी पुन्हा “काही नाही” म्हणे. जागा करून घेतली असेल, असं आम्हा दोघांनाही वाटू लागलं.

आता तो दिवस. मी जे लिहितो आहे ते आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

दुपारचं जेवण होऊन मशीनं पुन्हा सुरू झाली होती. पत्रे तापले होते. मी पंख्याच्या डब्याला काठी लावली, दातांत धरली, आणि दात आंबले. थोडे नाही, डोळ्यांत पाणी यावं इतके. प्रत्येक फेरीला एकदा. चूक होण्यासारखं त्यात काही नव्हतं. साहेबांची बोटं माझ्या जबड्यावर होती.

“काय म्हणून राहिली?”

मी मनात हिशेब केला. सांगितलं तर हे बंद करणार आणि संध्याकाळी किल्ल्या ठेवून जाणार. त्यांच्या मागोमाग मीही. सूर्य कलला की डबा निवतो. संध्याकाळपर्यंत काढलं तर सुटी झाल्यावर सांगता येईल, पंखा हळूच उघडता येईल, कानशीनं पात्याचं टोक घासून कमी करता येईल. कोणाला कळायचंही नाही. मी त्यांना वाचवतो आहे, असं मला त्या क्षणी वाटलं. पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. पण शेठचं “तूही टिकशील” मला त्या वेळी स्पष्ट आठवलं होतं. तेही इथं लिहिलं पाहिजे.

“काही नाही, साहेब,” मी म्हणालो.

ते दुसऱ्यांदा विचारतील म्हणून मी थांबलो. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी काय म्हणालो असतो, कोण जाणे. त्यांनी विचारलं नाही. बोटं काढली, धोतराला पुसली आणि ते इंजिनाकडे निघून गेले.

आग लागली तेव्हा कोणी आग पाहिली नाही. आधी वास आला. पात्यातून उडालेल्या ठिणग्या रुईबरोबर नळीतून सरळ खोलीत गेल्या होत्या. सुखदेव आत रुई तुडवत होता. दार उघडलं तोवर आत नुसती धग होती, आणि पंखा चालूच होता, आगीला वारा घालत होता. बाया किंचाळत होत्या. साहेबांची पाठ होती; त्यांना ऐकू आलं नाही. मी धावत जाऊन त्यांचा खांदा ओढला. त्यांनी वळून पाहिलं आणि काही न विचारता धावले. फिरता पट्टा त्यांनी काठी घालून उतरवला. त्यात त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी झाली. माणसं म्हणतात की तो उभाच राहिला. तो उभा राहिला नव्हता.

सुखदेवला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या बायकोला आम्ही जवळ येऊ दिलं नाही. हिवरखेडच्या बाजूचं त्यांचं गाव. बंडीत घालून नेलं.

चौकशीला सरकारी अधिकारी आला. कचेरीतल्या टेबलावर ती काठी ठेवलेली होती, पट्ट्यानं मधोमध जळकी झालेली. साहेबांच्या कानाशी प्रश्न ओरडून सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझा आवाज त्यांना त्यातल्या त्यात कळे.

अधिकाऱ्यानं विचारलं, “त्या दुपारी पंखा कोणी तपासला?”

मी साहेबांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडलो, “त्या दुपारी पंखा कोणी तपासला?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग अधिकाऱ्याकडे वळून म्हणाले, “मी.”

“दात नसताना?”

तेही मी ओरडून सांगितलं. शेठची माणसं हसली.

“जुनी सवय आहे,” साहेब म्हणाले. “मला काही आढळलं नाही.”

काठी टेबलावर होती. तिच्या एका टोकाला त्यांच्या दातांच्या जुन्या, झिजलेल्या खुणा होत्या. दुसऱ्या टोकाला माझ्या, ताज्या. कोणी ती उचलून फिरवून पाहिली असती तर पुरे होतं. कोणी पाहिली नाही. मीही हात लावला नाही.

बाहेर सुखदेवची बायको बसली होती. साहेब निघाले तशी ती आडवी आली. रडत नव्हती. “सायेब, तुमाले तर सारं समजत होतं. पेटी चावली तरी समजे. मंग माह्या माणसाच्या बारीलेच काहून नाई समजलं?”

साहेब तिच्या ओठांकडे पाहत होते. समजलं असावं. त्यांनी हात जोडले, तेवढंच. मी त्यांच्या मागं उभा होतो. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

साहेब नोकरी सोडून अमरावतीला गेले. त्यांची जागा शेठनं मला दिली. पंखा काढून टाकला, रुई पुन्हा माणसांच्या पाठीवर आली, आणि मी किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून आणखी पुष्कळ हंगाम काढले. जिनिंगला मात्र बयऱ्याचं नाव पडलं ते पडलंच.

मी त्यांना भेटायला एकदाच गेलो. वऱ्हाड तेव्हा अजून मध्यप्रांतातच होतं. अमरावतीला धाकट्या भावाच्या मागच्या खोलीत ते राहत. फार वाळले होते. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे ओठांवरूनही आता काही कळत नसे. पुतण्याची बायको अंगणात कपडे वाळत घालत होती, आणि दोरीवर लुगडं सरकवायला तिच्या हातात तीच काठी होती.

मी खाटेजवळ बसलो. त्यांनी चाचपडत माझा चेहरा शोधला. वाकडी बोटं गालावरून खाली आली आणि कानाच्या खाली, जबडा वळतो तिथं थांबली.

“पाटील,” ते म्हणाले. नेहमीसारखंच, मोठ्यानं.

बोटं तिथंच होती. मला वाटतं त्या दुपारीही त्यांना माझ्या जबड्यात काहीतरी लागलं असावं आणि म्हणूनच त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नसावं. त्यांनाही ते उत्तर नको होतं. पण हा माझा अंदाज आहे, आणि या अंदाजानं माझा भार हलका होतो, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास नाही.

“काय म्हणून राहिली?” त्यांनी विचारलं.

“काही नाही, साहेब,” मी म्हणालो. तोंडातून तेच आलं.

त्यांनी मान हलवली. थोडं थांबले. “काय म्हणून राहिली?”

मी हळूच म्हणालो, “घासत होती, साहेब. मले समजलं होतं.”

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि बोटं घट्ट दाबली. “मोठ्यानं सांगा, पाटील. मला ऐकू येत नाही.”

पुतण्याची बायको हातात काठी घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. पलीकडच्या खोलीत त्यांचे वकील भाऊ पक्षकाराशी बोलत होते. खिडकी रस्त्यावर उघडी होती. मी तोंड त्यांच्या कानाशी नेलं, तोंड उघडलं, आणि ओरडलो, “तब्येतीला जपा, साहेब.”

त्यांनी बोटं काढली आणि धोतराला पुसली.